नावे तेवढी बदलली आहेत

अनलंकृत गद्य हे आपोआप प्रामाणिक असते, अशी माझी पुष्कळ वर्षे समजूत होती. वर्गात शिकवताना मी ती निःशंकपणे मांडतही असे. तिला पहिला तडा गेला तो ‘ड्रॅगनेट’ ही जुनी अमेरिकन मालिका पाहताना.

१९४९ साली रेडिओवर सुरू झालेली जॅक वेबची ही पोलीसकथा डिसेंबर १९५१ मध्ये दूरचित्रवाणीवर आली. आरंभीच बजावले जाई की ही कथा सत्य आहे. निरपराधांच्या रक्षणासाठी नावे तेवढी बदलली आहेत. मग सार्जंट जो फ्रायडेचा सपाट आवाज येई : वार, हवामान, कामाची पाळी, वरिष्ठाचे नाव. कथा लॉस एंजेलिस पोलिसांच्या दप्तरातील प्रकरणांवर बेतलेल्या असत. नटांनी ‘अभिनय’ करू नये म्हणून वेब त्यांना संवाद पाठ न करता समोरच्या यंत्रावरून वाचायला लावी. फ्रायडे पिस्तूल क्वचितच चालवतो; तो दारे ठोठावतो, प्रश्न विचारतो, नोंदी करतो. हा संयम मला आजही मोहवतो.

परंतु पहिला भाग दाखवला गेल्यावर अवघ्या नऊ दिवसांनी, नाताळच्या दिवशी, त्याच शहराच्या पोलिसांनी ताब्यातील सात तरुणांना बेदम मारले. त्यांतले पाच मेक्सिकन वंशाचे होते. १९५२ मध्ये आठ पोलिसांवर आरोप ठेवले गेले व पाच दोषी ठरले. जेम्स एलरॉयच्या ‘एल. ए. कॉन्फिडेन्शियल’ (१९९०) या कादंबरीत ही मारहाण आणि ‘ड्रॅगनेट’च्या धर्तीवरची एक कल्पित मालिका शेजारी शेजारी येतात. ती वाचल्यावरच मला हे शेजारपण जाणवले.

मारहाणीचे प्रकरणही त्याच खात्याचे होते. पण मालिका खात्याच्या सहकार्यावर उभी होती आणि तिच्या संहिता खात्याच्या नजरेखालून जात. कोणती प्रकरणे बाहेर यावीत, हे त्यामुळे निव्वळ लेखकाच्या हाती नव्हते.

मालिका खोटे बोलली, असे मी म्हणणार नाही. तिचे तपशील बहुधा खरेच असतील. पण निवेदक स्वतःला इतका पुसून टाकतो, की हे तपशील निवडले कोणी, हा प्रश्नच मनात येत नाही. अलंकार निदान आपली उपस्थिती कबूल करतो.

आता एखाद्या विद्यार्थ्याने उताऱ्याला ‘वस्तुनिष्ठ’ म्हटले, की मी त्याला विचारतो : दप्तर कोणाचे? बहुतेक वेळा वर्ग गप्प होतो. त्या गप्पपणात माझी जुनी व्याख्यानेही आहेत.