उण्या चिन्हाचा उपयोग

एकत्र कुटुंबांतील सर्वांत वडील मनुष्यास एक सोय असते आणि एक अडचण असते. सोय ही कीं, त्याचा शब्द सहसा कोणी मोडीत नाहीं. अडचण ही कीं, ज्या विषयांतलें त्यास ओ कीं ठो कळत नाहीं, त्या विषयांतही त्यास शब्द द्यावा लागतो.

गेल्या चैत्रांत आमच्यावर अशीच पाळी आली. आमच्या धाकट्या बंधूंची नात अभियांत्रिकीची शेवटची परीक्षा देऊन घरीं आली. एका कंपनीची नोकरी तिला सांगून आली होती. पगारही चांगला होता. परंतु तिनें बापास स्पष्ट सांगितलें कीं, मी आणखी दोन वर्षें शिकणार, आणि शिकणार तें क्वांटम संगणकाचें शास्त्र. जेवणाच्या पंक्तीस वाद झाला. बाप म्हणाला, "जें यंत्र अजून धड उभें राहिलेलें नाहीं, त्याच्या मागें लागून हातची नोकरी कां सोडावी? उपयोग काय?" शेवटीं निकाल आमच्यावर सोपविण्यांत आला.

आम्ही जुने मॅट्रिक. जन्मभर शाळेंत संस्कृत शिकविलें, आणि गणिताचे शिक्षक रजेवर असले म्हणजे बीजगणितही. या संगणकांत एकच वस्तु एकाच वेळीं शून्यही असते आणि एकही असते, इतकेंच आम्हीं वर्तमानपत्रांत वाचलें होतें. तेवढ्या भांडवलावर आम्ही ऐटीनें म्हणालों, "यांत नवें तें काय? सत् आणि असत् यांच्या पलीकडची गोष्ट आपल्या नासदीय सूक्तांत केव्हांच येऊन गेली आहे!" पोर हंसली नाहीं. ती म्हणाली, "आजोबा, सूक्त मी तुमच्याकडून शिकेन. पण हें गणित आहे. निकाल देण्याआधीं एकदां स्वतः करून पाहा." आणि तिनें मुलांची पाटी आमच्यापुढें ठेवली.

नेहमींच्या संगणकांतील एक घर दिव्याच्या बटणासारखें असतें: बंद म्हणजे शून्य, चालू म्हणजे एक. क्वांटम संगणकांतील घरास क्यूबिट म्हणतात, आणि त्याची स्थिति दोन संख्यांच्या जोडीनें लिहितात. (१, ०) म्हणजे निश्चित शून्य; (०, १) म्हणजे निश्चित एक. इतर जोड्याही चालतात. अट एवढीच कीं, दोन्ही संख्यांच्या वर्गांची बेरीज १ झाली पाहिजे. कागदावर ही जोडी म्हणजे एक बाण होय. दोन संख्या या काटकोन त्रिकोणाच्या दोन भुजा, आणि बाण हा कर्ण. कर्णाच्या वर्गाचा नियम बौधायनाच्या शुल्बसूत्रांत आहे; तेव्हां येथवर आम्हांस परकें वाटलें नाहीं. क्यूबिट तपासला असतां शून्य मिळण्याची संभाव्यता पहिल्या संख्येच्या वर्गाइतकी, आणि एक मिळण्याची दुसरीच्या वर्गाइतकी. हा नियम मॅक्स बॉर्न या जर्मन शास्त्रज्ञानें १९२६ सालीं मांडला. खरें पाहतां या संख्या संमिश्र असतात. नातीनें आम्हांस तेवढी सूट दिली.

हा बाण वळवावयाचा तर त्यास चार संख्यांच्या चौकोनी कोष्टकानें, म्हणजे मॅट्रिक्सनें, गुणावयाचें. तिनें दिलेलें कोष्टक हॅडमार्ड या फ्रेंच गणितज्ञाच्या नांवानें ओळखलें जातें. त्याची रीत सोपी आहे. नवी पहिली संख्या म्हणजे जुन्या दोहोंची बेरीज. नवी दुसरी म्हणजे पहिलींतून दुसरीची वजाबाकी. मग दोहोंस २ च्या वर्गमुळानें भागावयाचें. कोष्टकांतील तीन संख्या धन, एकच ऋण.

आम्हीं (१, ०) घेऊन रीत केली. दोन्ही संख्या १ भागिलें २ चें वर्गमूळ अशा आल्या. त्यांचे वर्ग अर्धा आणि अर्धा. आम्ही म्हणालों, "हें तर उडवून झांकून ठेवलेलें नाणें झालें! छापा कीं काटा हें आपणांस ठाऊक नाहीं, इतकेंच." ती म्हणाली, "मग तेंच कोष्टक पुन्हां लावा."

लावलें. बेरीज १ आली, वजाबाकी शून्य. पुन्हां (१, ०)! जेथून निघालों तेथेंच परत. नाणें दुसऱ्यांदा उडविल्यानें छापा कधीं निश्चित होत नाहीं. येथें तो निश्चित झाला. एकाकडे जाण्याच्या दोन वाटा होत्या. एकीचा आंकडा धन अर्धा, दुसरीचा ऋण अर्धा. दोहोंनीं परस्परांस खोडून काढलें. नाण्याच्या वाटांना हें साधत नाहीं, कारण संभाव्यता कधीं ऋण नसते.

आम्ही बराच वेळ पाटीकडे पाहत राहिलों. धन-ऋणांच्या गुणाकाराचे नियम ब्रह्मगुप्तानें इ. स. ६२८ मध्यें ग्रथित केले; आम्हीं ते मुलांकडून घोकून घेतले. सुमारें ३५ वर्षांपूर्वीं एका मुलानें विचारलें होतें, "गुरुजी, शून्याहून कमी असें जगांत कांहीं असतें का? मग याचा उपयोग काय?" आम्हीं त्यास तासभर बाकावर उभें केलें. आम्हांस उत्तर येत नव्हतें, हें खरें कारण. आणि एवढें थोर सूक्त, तेंही आम्हीं परवां न कळलेली गोष्ट झांकण्यासाठींच वापरलें होतें.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं होऊन पाटी मागितली. एका क्यूबिटास दोन संख्या, दोहोंस चार, तिहींस आठ, दहांस १०२४. सत्तावन्न झाले कीं संख्या परार्धाच्याही पलीकडे जातात! पण हें यंत्र सारीं उत्तरें एकदम सांगतें, हा समज चुकीचा. तपासतांच एकच उत्तर हातीं येतें. कौशल्य आहे तें कोष्टकें अशीं रचण्यांत कीं, चुकीच्या उत्तरांच्या वाटा परस्परांस खोडतील आणि बरोबर उत्तराच्या वाटा एकमेकींस मिळतील. पीटर शोर यांनीं १९९४ सालीं मोठ्या संख्येचे अवयव पाडण्याची अशी रीत दाखविली. दिल्लीच्या आय. आय. टी. चे पदवीधर लव ग्रोव्हर यांनीं १९९६ सालीं शोधाची रीत दिली. विस्कळीत दहा लक्ष नोंदींतून एक हुडकण्यास सरासरी पांच लक्ष पाहाव्या लागतात. ग्रोव्हरांच्या रीतीनें हजाराच्या आंत फेऱ्या पुरतात.

बापाची शंकाही खोटी नव्हती. हीं यंत्रें झालीं आहेत, पण नाजुक आहेत. बाहेरच्या थोड्याशा उपद्रवानेंही गणित बिघडतें. मात्र केंद्र सरकारनें २०२३ सालीं या विद्येसाठीं सुमारें सहा हजार कोटि रुपयांची योजना मंजूर केली आहे, हेंही आम्हीं त्यास सांगितलें.

आठ दिवसांनीं पंक्तीस आम्हीं निकाल दिला: "यंत्र केव्हां उपयोगी पडेल तें आम्हांस सांगतां येत नाहीं. पण विद्या खरी आहे. आम्हीं स्वतः पडताळून पाहिली. एका मुलाच्या 'उपयोग काय' या प्रश्नाचें उत्तर द्यावयास आम्हांस ३५ वर्षें लागलीं. तुला दोन वर्षें थांबणें जड जाऊं नये."

बाप कांहीं बोलला नाहीं. त्यानें मुलीच्या पानांत स्वतः तूप वाढलें. ती आतां शिकावयास गेली आहे, आणि दर रविवारीं आम्हांस एक उदाहरण धाडते. परवांचें दोन क्यूबिटांचें, सोळा संख्यांचें कोष्टक आम्ही दोनदां चुकलों. बाकावर उभें करणारें घरांत कोणी नाहीं, एवढेंच.