समुद्राकडं पाठ

जयंतीच्या वर्गणीचं पावतीपुस्तक संपलं तेव्हा मागं चार कोरे कागद उरले. त्यातला एक फाडून मी त्यावर लिहिलं : मुंबई. माणसं सात. दिवस तीन. आणि खाली रेघ ओढली. रेघेच्या खाली काय लिहायचं ते सुचेना.

मी कविता लिहितो. मोर्चाच्या घोषणा लिहितो. कुणाचा अर्ज असला तर तोही लिहून देतो. पण फिरायला जायचं कसं लिहितात ते मला माहीत नाही. आमच्या घरात आजवर कुणी फिरायला गेलंच नाही.

सुरुवात भाच्यानं केली. पाचवीत आहे. शाळेत निबंध दिला, ‘मी पाहिलेले शहर’. ह्यानं निफाडच लिहिलं. मास्तर म्हणाले, निफाड शहर नाही. पोरगं घरी येऊन मला विचारतं, “मामा, शहर कुठंशी असतं?” मी म्हणालो, सुट्टी लागू दे, दाखवतो. बोलून बसलो. त्याच्या धाकट्या बहिणीनं ते ऐकलं. मग घरात कुणीच गप्प बसेना.

आता सुट्टीची गोष्ट. ज्यांना सुट्टी असते ते उन्हाळा लागला की हिंडायला निघतात. आमच्याकडं उन्हाळा कामावर मोजतात. माय आणि आक्का द्राक्षाच्या बागेत रोजानं जातात. जानेवारीपासून द्राक्ष उतरतं ते एप्रिलपर्यंत. त्यातच उन्हाळ कांदा काढायला येतो. द्राक्ष संपलं की खरड छाटणी लागते. बा लासलगावच्या बाजारात हमाल. कांदा आला की त्याच्या पाठीला सुट्टी नाही. मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर. गिरणीचं नाव लिहीत नाही, उद्या परत कामावर जायचं आहे. सात माणसांचा एक दिवस मोकळा काढायचा म्हणजे सात कुलपांना एक किल्ली लावण्यासारखं. शेवटी सापडला 1 मे. कामगार दिन. गिरणी बंद. त्याला माझी आठवड्याची सुट्टी जोडली, वर एक रजा मागितली. सुपरवायझर म्हणाला, “सहा डिसेंबरला जाऊन आला ना? आता परत काय आहे मुंबईत?”

त्याचं चुकलं असं कसं म्हणू? मलाही हेच वाटत होतं. मुंबईला जायला आपल्याला कारण लागतं. निफाडचे न्यायमूर्ती रानडे. 1842 ला इथं जन्मले, मुंबईला गेले ते शिकायला. आमचे लोक त्याच निफाडहून त्याच मुंबईला गेले ते पोट घेऊन. पुढं गेले मोर्चा घेऊन. सहा डिसेंबरला जातात दुःख घेऊन. हातात काही न घेता, नुसतं बघायला, कुणी गेलं नाही.

मग हिशेब सुरू झाला. माय पिठाच्या डब्यातून पैसे काढते. चार हजार तीनशे निघाले. बा म्हणाला, एस्टीनं चला. एस्टीत पंच्याहत्तरच्या पुढच्या म्हाताऱ्याला 2022 पासून तिकीट नाही, बायांना 2023 पासून अर्धं. आजा फुकट, माय अर्धी, आक्का अर्धी, पोरं अर्धी. पुरे दोघंच, बा आणि मी. रेल्वेत म्हाताऱ्यांची सवलत मार्च 2020 ला गेली ती गेली. हिशेब बाच्या बाजूनं होता.

आजा आतापर्यंत खाटेवर गप्प होता. तो म्हणाला, “मी येत नाही. माझं फुकटचं तिकीट तुमालाच ऱ्हाऊ द्या.”

त्याच्याबद्दल पुढं सांगतो. आधी माझी चूक सांगतो.

मी त्या कागदावर यादी केली. पहिला दिवस : चैत्यभूमी. राजगृह, हिंदू कॉलनी, दादर. परळची बी.आय.टी. चाळ, जिथं बाबासाहेब वीसेक वर्षं राहिले. दुसरा दिवस : फोर्टात सिद्धार्थ कॉलेज. हुतात्मा चौक. तिसऱ्या दिवशी पुस्तकं घेऊन परत. भाच्यानं यादी वाचली आणि विचारलं, “राणीच्या बागेतलं पेंग्विन?” भाची म्हणाली, “समुद्र?” मी दोघांना दम दिला. म्हणालो, आपण मजा करायला चाललो नाही. आक्का भाकरी थापत होती. मागं न वळता म्हणाली, “मग कशाला चाललोय?”

मला उत्तर देता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मंडळात एका दोस्तानं तोच प्रश्न उलटा केला. “चळवळ सोडून सहल? पांढरपेशा झालास का रे?” सगळे हसले. मीही हसलो. पण रात्रपाळीला फ्रेमपुढं उभा राहिलो आणि ते हसणं टोचायला लागलं. धागे तुटत होते, मी जोडत होतो आणि डोकं तिसरीकडंच. आणि तिथं मला आठवलं.

मित्रांनो, बाबासाहेब सहलीला गेले होते. 1934 साली. चळवळीतल्या कार्यकर्त्यांनीच म्हटलं, तुम्ही येत असाल तर आपण हिंडून येऊ. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. वेरूळची लेणी बघायचीच असं ठरलं. सगळे नाशिकला जमले. तीसेक माणसं. तिथून निघाले औरंगाबादकडं. नाशिकहून औरंगाबादला जाणारी आपली जुनी सडक निफाडवरून जाते, हे मला त्या रात्री पहिल्यांदा सुचलं. आम्ही शेळ्या हाकतो त्याच दिशेनं. वाटेत आपण कोण हे फार कुठं सांगायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं, त्रास नको म्हणून. दौलताबादच्या किल्ल्याशी पोचले. अंगावर वाटेची धूळ. दारातल्या लहान तळ्यावर हातपाय धुतले. तेवढ्यात मागून एक म्हातारा ओरडत आला, तळं बाटवलं म्हणून. माणसं जमली, शिव्या दिल्या, मारामारीवर आलं. शेवटी किल्ला बघायला सोडलं ते बरोबर हत्यारबंद शिपाई देऊन. कशासाठी? ह्यांनी आत कुठं पाण्याला हात लावू नये म्हणून.

महाडच्या तळ्यावर माणूस झगडायला गेला, 1927 ला. दौलताबादच्या तळ्यावर तो झगडायला गेला नव्हता. नुसता हिंडायला गेला होता. धूळ धुवायला वाकला होता. तरी ती जागा त्याला नाकारली. म्हणजे हिंडणं ही साधी गोष्ट नाही. ज्याला कुठंही जाता येतं, काहीही बघता येतं, त्याला त्याची किंमत नसते. आपल्याला काम असलं तरच गावात ये, काम झालं की परत जा, हाच तर पिढ्यान्‌पिढ्यांचा कायदा होता. मग बिनकामाचं शहरात उभं राहणं, हात हलवीत, पोरांना खांद्यावर घेऊन, हे कुठल्या मोर्चापेक्षा कमी आहे? मी दोस्ताला हे सांगितलं. तो म्हणाला, “बरं बाबा, जा. पण येताना पुस्तकं आण.”

आता राहायचं. माटुंगा लेबर कॅम्पात मायच्या मावसभावाची खोली आहे. त्या खोलीवर सात माणसं टाकायची मला लाज वाटली. म्हणून दादरच्या बाजूच्या एका लॉजला फोन लावला. त्यानं विचारलं, किती माणसं, किती दिवस, आडनाव काय. सांगितलं. दोन मिनिटं थांबवलं. मग म्हणाला, जागा नाही. नसेल. मे महिना आहे, गर्दी असते. मी असंच समजलो. दुसऱ्या ठिकाणी फोन लावला. तिथं पण आडनाव विचारलं.

आणि मी दुसरंच आडनाव सांगितलं.

कुणी सांगायला लावलं नाही. जिभेनंच सांगितलं. कुठल्या वाड्यात शोभेल असलं आडनाव. तो म्हणाला, “या या, आधार कार्ड घेऊन या.” मी फोन ठेवला. कानशिलं तापली होती. स्टेजवर मुठी आवळून जात जाळायच्या कविता म्हणणारा मी. पहिल्या लॉजवाल्यानं जातीवरून नाही म्हटलं की खरंच खोली नव्हती, हे मला कधीच कळणार नाही. पण दुसऱ्या फोनवर काय झालं ते मला पक्कं माहीत आहे. विहितगावचे बाबूराव बागूल त्याच लेबर कॅम्पात वाढले. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हे त्यांचं पुस्तक 1963 चं. साठ वर्षं उलटून गेली. मी ते तीनदा वाचलंय. तरी चोरलीच.

हे इथं लिहितोय, कारण तुमच्यातही कुणी असा फोन केला असेल.

रात्री मामाला फोन केला. सगळं सांगितलं नाही, एवढंच विचारलं, येऊ का. तो म्हणाला, “अरे, सहा डिसेंबरला एकोणीस माणसं झोपली हितं. सातचं काय घेऊन बसला?”

राहायचं मिटलं. राहिला आजा.

आजा 1967 ला मुंबईला गेला, एकोणीस वर्षांचा. बदली कामगार. रोज पहाटे गिरणीच्या दारात उभं राहायचं, नाव पुकारलं तर काम. पुढं कायम झाला, रिंग खात्यात. डिलाईल रोडला एका खोलीत पंधरा जण, पाळीनं झोपायचे. विणखात्यात पगार चांगला. पण पूर्वी तिथं आपल्या माणसाला घेतच नसत. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, आणि त्याचा बाकीच्या कामगारांना विटाळ. मालकाचा नाही, कामगाराचा कामगाराला विटाळ. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना तोंडावर हेच विचारलं होतं. आज मी पण रिंगवरच आहे. विटाळाची गोष्ट आता नाही. पण तीन पिढ्यांमागं ज्या खात्यात ढकललं, तिथंच मी उभा आहे.

18 जानेवारी 1982. दत्ता सामंतांचा संप. अडीच लाख कामगार बाहेर. आजा वर्षभर थांबला, उपाशी-तापाशी, आणि 1983 ला पॅसेंजरनं परत आला. हिशेबाचे पैसे मिळाले नाहीत. त्या दिवसापासून त्यानं मुंबईचं नाव टाकलं. सहा डिसेंबरला आख्खी वस्ती जाते, तो गावातल्या विहारात बसतो.

मी त्याच्या खाटेपाशी जाऊन बसलो. भाच्यानं मोबाईलवर त्याला परळ दाखवलं. जिथं धुराडी होती तिथं काचेचे टॉवर. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागी मॉल. आजानं मोबाईल लांब धरून बघितलं. मी म्हणालो, चैत्यभूमीच्या शेजारी इंदू मिलची जागा आहे ना, तिथं बाबासाहेबांच्या स्मारकाचं 2015 ला भूमिपूजन झालं. तो म्हणाला, “एक गिरणी बाबाला भेटली, लई चांगलं झालं. बाकीच्या कुणाला भेटल्या रे?”

कुणी बोललं नाही. मग भाची मधेच बोलली. सात वर्षांची. “पणजोबा, समुद्र केवढा असतो?”

आजानं तोंड उघडलं, मिटलं. म्हणाला, “मला नाय माहीत.”

“तुम्ही तर तिथंच राहायचे ना?”

“राह्यचो. सोळा वर्सं राह्यलो.” आणि मग म्हातारा जे बोलला ते मी त्याच्या शब्दांतच लिहितो. “समुद्रावर जायचो फक्त सहा डिसेंबरला. पाळी करून जायचो. रांगंत उभं राह्यचो. तोंड बाबाकडं, पाठ समुद्राकडं. डोकं टेकलं की मागच्याला जागा द्यायची. मग बाहेर वडापाव खायाचा, न्‌ परत पाळीला पळायचं. आवाज यायचा त्याचा मागून. पर वळून बघायला टाइम कुठं व्हता? संपात टाइम लई व्हता, पर तव्हा पोटात काय नव्हतं. उपाशी मानसानं समुद्र बघू नये.”

थोडा वेळ गेला. पंखा करकरत होता. मग तो म्हणाला, “बसायला भेटतं का तिथं? म्हंजे कुणी उठवत नाय ना?”

मी म्हणालो, “नाही आजा. कुणी उठवत नाही.”

“मंग रेल्वेनं चला. फुकटचं नको. रेल्वेनं आलो व्हतो, रेल्वेनंच जायाचं.”

बानं हिशेब परत मांडला. पंचवटी निफाडला थांबते, पहाटेच निघायचं, दादरला उतरायचं. जनरल डब्यात उभं राहायची तयारी. भाकरी आणि चटणी आक्का करणार. माय पिठाचा डबा परत उघडून म्हणाली, अजून चारशे आहेत, पोरांना पेंग्विन दाखवा.

मी जुना कागद फाडला नाही. त्याच्यावरच काटछाट केली. चैत्यभूमी पहिली, ती तशीच आहे. तिच्यासमोर वेळेच्या जागी आधी ‘एक तास’ लिहिलं होतं. ते खोडून लिहिलं : ‘आजा उठेल तोपर्यंत.’ राजगृह आहे. बी.आय.टी. चाळ आहे. सिद्धार्थ कॉलेज गेलं, त्या जागी राणीची बाग आली. ते कॉलेज भाचा पुढं आतून बघेल, मला घाई नाही. आडनावाच्या रकान्यात सात वेळा आमचं खरं आडनाव लिहिलं. तिकिटाला ते लागत नाही. तरी लिहिलं.

दोस्तहो, तुमच्या घरात पण असा कुणी म्हातारा, अशी कुणी माय असेल. मुंबईत, पुण्यात, नाशकात उभं आयुष्य घासलं आणि शहर बघितलं नाही असं माणूस. आपण त्यांना मोर्चाला नेतो. जयंतीला नेतो. एकदा विचारून बघा, त्यांना काय बघायचं राहिलंय. आणि भाषण न देता ऐका.

1 मे ला अजून नऊ दिवस आहेत. आजानं पेटीतून जुनी पिशवी काढलीय, मुंबईहून आणलेली. तिचा बंद तुटलाय. आत्ता खाटेवर बसून तो तो शिवतोय. धागा तुटला की तोंडात धरतो, ओला करतो आणि सुईत ओवतो.

जय भीम.