वरठी ते न्यूयॉर्क : घरी धाडलेली पत्रं

मुंबई, शनिवार

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

विदर्भ एक्स्प्रेसने सुखरूप पोचलो. आईच्या तिखट पुऱ्या अकोल्यातच संपल्या. शेजारच्या बर्थवरचे गोंदियाचे काका वाटेकरी होते. भुसावळला जाग आली, पुढे थेट कल्याण. वरठीचं भंडारा रोड स्टेशन ते सीएसएमटी सुमारे ९०० किलोमीटर आणि पंधरा तास. नागपूरहून विमानाने गेलो असतो तर दीड तासात मुंबई. पण वरठीहून सोनेगावचा विमानतळ गाठायचा, तिथे दोन तास आधी हजर व्हायचं, हे धरलं की अर्धा दिवस जातोच. शिवाय या सामानाला गाडीच बरी.

आज रात्री पुढचं विमान. काळजी नसावी.

न्यूयॉर्क, सोमवार

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही विचारलं होतं, "इतक्या लांब जायला किती दिवस?" मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आणि मला हवेत सोळा तासांच्या वर लागले. म्हणजे वरठीहून मुंबईला जितका वेळ, जवळपास तितक्यातच अमेरिका!

समोरच्या पडद्यावर नकाशा, उंची, वेग सगळं दिसत होतं. उंची अकरा किलोमीटर, बाहेर उणे पंचावन्न अंश. नकाशावर वाट वाकडी, उत्तरेकडे फुगलेली दिसते; पण पृथ्वी गोल असल्याने जवळची वाट तशीच पडते. आमचं विमान त्याहूनही लांबून गेलं. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना बंद आहे, म्हणून अरबी समुद्रावरून वळसा. त्यात जाताना वारा समोरून. इतक्या उंचीवर तो पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वाहतो, त्यामुळे परतीला वेळ कमी लागतो. तिकिटावर लिहिलेली वेळ म्हणूनच जाताना आणि येताना सारखी नसते.

तुम्ही लहान होता तेव्हा, १४ मे १९६० रोजी, एअर इंडियाचं बोइंग ७०७ न्यूयॉर्कला जाऊ लागलं. तेही लंडनला थांबून. आता मध्ये कुठेही चाक टेकत नाही. पाय मात्र आखडतात. दर दोन तासांनी उठून फिरलो, पाणी पीत राहिलो. तुम्ही आणि आई याल तेव्हा हे विसरू नका, आणि तिकीट काढताना मधल्या वाटेच्या बाजूची जागा मागा.

फोनची वेळ लिहून ठेवा. तुमचे सकाळचे सात वाजतात तेव्हा इथे आदल्या रात्रीचे साडेनऊ. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे करतात. मग तुमच्या सातला इथे साडेआठ. सात ते आठच्या दरम्यान केव्हाही करा, मी जागा असतो.

आईला नमस्कार.

आपला,
बंडू