तुस्तान : खाचांतून वाचावयाचा किल्ला

युक्रेनच्या पश्चिम भागात, ल्विव प्रांतात, कार्पेथियन पर्वताच्या कुशीत उरिच नावाचे एक लहानसे खेडे आहे. त्याच्या लगतच्या अरण्यातून वालुकाश्माचे प्रचंड सुळके वर आलेले दिसतात. वाचकहो, तुस्तानचा मध्ययुगीन किल्ला तो हाच. मात्र तट, बुरूज, दरवाजे शोधू लागाल तर निराशाच पदरी येईल. किल्ला होता लाकडाचा. ते लाकूड केव्हाच कुजून मातीस मिळाले.

मग पाहावयाचे काय? सुमारे ५० मीटर उंचीच्या मुख्य कातळासमोर क्षणभर स्वस्थ उभे राहा. हळूहळू त्याच्या उभ्या अंगावर सरळ रेषेत कोरलेल्या खाचा आणि चौकोनी खोबणी नजरेत भरू लागतील. अशा ४,०००हून अधिक खुणा येथे आहेत. त्यांत ओंडक्यांची टोके बसवून सुतारांनी सुळक्यांमधील फटी बुजविल्या आणि मजल्यावर मजला चढवीत पाच मजली दुर्ग उभा केला. पाठीची भिंत निसर्गानेच दिली होती. पाण्याचे टाकेही कातळातच खोदलेले.

एवढा खटाटोप कशासाठी? मिठासाठी! द्रोहोबिचचे मीठ ज्या वाटेने पर्वतापलीकडे जाई, त्या वाटेवर हा जकातीचा नाका होता. 'तू स्तान', म्हणजे 'येथे थांब', यावरून हे नाव पडले असे लोक सांगतात. व्युत्पत्ती पटो वा न पटो, जकातदाराच्या तोंडी ती शोभते खरी.

सोळाव्या शतकानंतर किल्ला ओस पडला. १९७१ साली मिखाइलो रोझ्को या संशोधकाने येथे काम सुरू केले. गिर्यारोहकाप्रमाणे दोराच्या आधाराने कडा चढून त्यांनी या खुणांची मोजमापे घेतली. खोबणींची आडवी ओळ म्हणजे जमिनीची पातळी, उभी खाच म्हणजे भिंतीची जागा, असा अर्थ लावीत त्यांनी गेलेला किल्ला कागदावर पुन्हा उभारला. तो पाच वेळा नव्याने बांधला गेला होता, असा त्यांचा निष्कर्ष. एखाद्या बखरीवर खर्चावे तेवढे आयुष्य त्यांनी या रिकाम्या भोकांवर खर्चिले. १९९४ साली हा परिसर संरक्षित झाला.

२०२२ पासून या देशावर मोठे युद्ध ओढवले आहे. प्रवासाचा बेत करताना ते ध्यानी असावे. आणि हौसेने कातळावर नाव कोरण्याचा मोह आवरावा. वालुकाश्म मऊ असतो, आणि किल्ल्याचा सारा दस्तऐवज त्याच्या पृष्ठभागावरच आहे. शक्य तर सायंकाळच्या तिरप्या उन्हात जा. माध्यान्ही सावल्या आखडतात आणि पुष्कळशा खाचा दिसतच नाहीत.