'निग्रो' हा शब्द मी वर्गातून का काढला?



आज माझीच एक चूक तुम्हाला सांगायची आहे.

चौथीच्या वर्गात मी जॉर्ज कार्व्हर यांची गोष्ट सांगत होते. वीणा गवाणकर यांचं 'एक होता कार्व्हर' तुमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. सांगण्याच्या ओघात मी चार-पाच वेळा 'निग्रो' म्हणाले. मनात वाईट काही नव्हतं. लहानपणापासून हाच शब्द कानावर होता. मधल्या सुट्टीनंतर पाहते तर एक मुलगी दप्तर पोटाशी धरून मान खाली घालून बसलेली. शेजारची म्हणाली, "बाई, सगळे हिला निग्रो म्हणून चिडवतायत."

शब्द तर मीच दिला होता ना मुलांना!

त्या रात्री मी या शब्दाचा इतिहास वाचत बसले. स्पॅनिश आणि पोर्तुगीज भाषांत 'निग्रो' म्हणजे नुसता 'काळा'. रंगाचा साधा शब्द. पण आफ्रिकेतून सुमारे सव्वा कोटी माणसं गुलाम म्हणून जहाजांत कोंबली गेली आणि हा रंग त्यांची ओळख बनला. याच मुळातून इंग्रजीत आणखी एक शब्द आला, तो तर थेट शिवीच झाला. तो मी इथे लिहीत नाही. अमेरिकेतही बरेच लोक त्याला 'एन-वर्ड' एवढंच म्हणतात. मार्क ट्वेनच्या 'हकलबरी फिन'मध्ये तो दोनशेहून जास्त वेळा येतो. त्यामुळे ते पुस्तक वर्गात कसं शिकवावं, यावर तिथले शिक्षक आजही वाद घालतात.

'निग्रो'ची गोष्ट मात्र जरा वेगळी आहे. एके काळी हा शब्द सभ्य मानला जायचा. इंग्रजीत त्याचं पहिलं अक्षर मोठं लिहावं, म्हणून डु बॉईस यांच्यासारखे कृष्णवर्णीय विचारवंत झगडले. 1930 मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ते मान्य केलं. 1963 च्या गाजलेल्या भाषणात मार्टिन ल्यूथर किंग यांनीही हाच शब्द वापरला. पण पुढच्या तरुणांना तो गुलामीची आठवण देणारा वाटू लागला. त्यांनी स्वतःला अभिमानाने 'ब्लॅक' म्हणवून घेतलं, पुढे 'आफ्रिकन अमेरिकन' हा शब्दही आला. 2016 मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यांतून 'निग्रो' काढून टाकला गेला.

म्हणजे बघा, शब्द कालचा सभ्य असला तरी आज तो बोचतो की नाही, हे ज्याला तो लावला जातो तोच ठरवणार. म्हणणाऱ्याचा हेतू चांगला होता, एवढ्यावर भागत नाही.

महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केलं. त्या अर्पणपत्रिकेतही हा शब्द आहे. तो तसाच राहू द्यावा, कारण तो त्या काळाचा शब्द आहे आणि लिहिणाऱ्याचं मन गुलामांच्या बाजूने आहे. पण माझ्या वर्गातली हाक आजची होती.

दुसऱ्या दिवशी मी मुलांसमोर म्हटलं, "काल बाईंचं चुकलं." मुलं बघतच राहिली. मग कार्व्हरच्या गोष्टीतला एक भाग सांगितला. 'कार्व्हर' हे आडनाव त्याच्या घराण्याचं नव्हतं, ते त्याच्या मालकाचं होतं. गुलाम केलेल्या माणसाचं नावसुद्धा त्याचं राहत नसे. एकदम शांतता झाली. मग मी त्या मुलीला विचारलं, "तुला काय म्हटलेलं आवडेल गं?"

ती हळूच म्हणाली, "माझं नाव आहे ना बाई."

चिडवणं त्या दिवशीच थांबलं असं नाही. पुढच्या आठवड्यात 'काळी' ऐकू आलं, तेव्हा पुन्हा बोलावं लागलं. शब्द बदलला म्हणजे मन बदललं असं होत नाही, हे मीही शिकले.

पालकहो, घरात 'काळ्या', 'काळुंद्री' अशा हाका आपण लाडाने मारतो. एकदा मुलांनाच विचारून बघा, त्यांना ते आवडतं का. आणि शिक्षक मित्रांनो, कार्व्हरची गोष्ट जरूर सांगा. फक्त 'आफ्रिकन वंशाचे शास्त्रज्ञ' किंवा 'कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ' म्हणा. गोष्ट तेवढीच रंगते.