फिनिक्सची चिमणी

ईदच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा हट्ट ठरलेला असतो: लोअर परळचा फिनिक्स मॉल. आम्हीही जातो. 1905 मध्ये सुरू झालेली ही कापडगिरणी. आता इथे खाणे, खरेदी, भेटीगाठी. गिरणीची चिमणी मात्र अजून उभी आहे. मुले तिच्याबरोबर फोटो काढतात. ती कशाची, हे आम्ही सांगितले तरच त्यांना कळते.

मुंबईच्या गिरण्यांत मदनपुऱ्याचे मोमीन मुख्यतः साचेखात्यात. उत्तरेतून हातमाग सोडून आलेले हे विणकर कोकणातल्या, घाटावरच्या कामगारांशेजारी साचे चालवीत. जुम्म्याच्या नमाजाला गेले की शेजारचा मराठी गडी साचा सांभाळी, असे आमचे बुजुर्ग सांगत. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, तेव्हा दोघांच्याही चुली थंडावल्या.

1991 च्या नियमात गिरणीच्या जमिनीचा एक हिस्सा मैदानांसाठी, एक परवडणाऱ्या घरांसाठी होता. 2001 च्या बदलाने वाटणीला फक्त आधीपासून रिकामी असलेली जमीन उरली. गिरणगावाला बसायला-उठायला हक्काची जागा मिळायची, ती अशी आक्रसली. मुलांना काय बोलायचे? गारव्यात फिरायला कोणाला नको!

काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर पालिकेने वस्त्रसंग्रहालयाचे काम हाती घेतले आहे. तिथे आमच्या साचेवाल्यांचीही आठवण असावी. म्हणून वर्गात सांगितले आहे: घरात कोणी गिरणीत होते का, कोणती गिरणी, कोणते खाते, किती साचे, लिहून आणा. उर्दूत चालेल, मराठीत चालेल. बिल्ला किंवा पगाराची चिठ्ठी सापडली तर झेरॉक्स आणा. मूळ कागद दादाजानकडेच राहू द्या.