बुट्टीखालचा नवरंग

डिसेंबरात भाचीच्या मुलीच्या लग्नाला फोंड्याला गेलो होतो. पुण्याहून दादाही आलेला. बेळगावच्या घराच्या वाटणीवरून आम्हा भावांचं बोलणं नऊ वर्षं ‘कसा आहेस, बरा आहे’ यापुढं गेलेलं नाही. चूक कोणाची ते इथं लिहीत नाही, दोघांनाही आपापली बाजू तोंडपाठ आहे.

भाच्याला पक्ष्यांचा नाद. लग्न झालेल्या रात्री म्हणाला, “उद्या पहाटे तांबडी सुर्ल्याला नवरंग बघायला येणार काय?” मी हो म्हटलं. पहाटे गाडीत बसतो तर मागच्या सीटवर दादा, मफलर गुंडाळून.

तिथं कदंबांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं महादेवाचं काळ्या दगडाचं देऊळ आहे आणि सगळीकडे रान. उजाडलं तरी झाडाखाली उजेड पोचत नाही. जमिनीवर ओल्या पाल्याचा जाड थर. नवरंग हिवाळ्याला दक्षिणेकडं उतरतो आणि दिवसभर असल्या पाल्यात चोचीनं पानं उलटून किडे वेचतो. झाडांवर बघत बसलात तर दिसणार नाही. वाट दाखवणाऱ्या पोरानं आम्हाला एका आडव्या पडलेल्या ओंडक्यावर बसवलं आणि तोंडावर बोट ठेवून म्हणाला, “उलयनाकात.” आम्हा दोघांना त्याचा नऊ वर्षांचा सराव होता.

आधी खसखस झाली ती पाचू कवड्याची. मग लांबून दोन सुरांची शीळ आली. नवरंग सकाळ-संध्याकाळ शीळ घालतो, तमिळमध्ये त्याला चक्क ‘सहा वाजताचा पक्षी’ म्हणतात. दादाला डाव्या कानानं ऐकू येत नाही, म्हणून मी बोटानं दिशा दाखवली.

अर्धा तास काही नाही. डास मात्र होते. गुडघे दुखायला लागले, उठूया म्हणत होतो तेवढ्यात दादानं माझं मनगट धरलं. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचा तसं, करकचून. दहा-बारा हातांवर पाला हलला आणि तो उड्या मारत पुढं आला. हिरवी पाठ, खांद्यावर निळा तुकडा, डोळ्यावरून काळी पट्टी, पोटाखाली लालभडक. शेपूट म्हणजे नुसता थोटका तुकडा, तोही वरखाली हलवत होता. एक पान उलटलं, काहीतरी गिळलं, आमच्याकडं बघितलं आणि जाळीत शिरला. मिनिटभर असेल नसेल. मनगट मात्र दादानं त्यानंतरही बराच वेळ सोडलं नाही.

आता जुनी गोष्ट सांगायला हवी. मी आठ वर्षांचा, दादा बारा. दसऱ्याच्या सुमाराला आमच्या अंगणात असाच एक नवरंग थकून पडला होता. हे पक्षी रात्री प्रवास करतात, दमले की कुठंही उतरतात. अंधार झालेला, रंग नीट दिसेनात. दादानं त्याच्यावर बुट्टी झाकली, वर दगड ठेवला आणि बजावलं, सकाळी उजेडात बघायचं, कोणी हात लावायचा नाही. मी पहाटेच उठलो. दगड काढला, बुट्टी जरा उचलली, फर्रकन गेला! मलाही दिसला नाही. दादानं विचारल्यावर मी सांगितलं, मांजरानं बुट्टी पाडली. तो दिवसभर जेवला नाही.

परतताना मोलेच्या नाक्यावर चहाला थांबलो. दादा कपात बघत म्हणाला, “बुट्टी तूच उचलली होतीस न्हवं?”

मी मान हलवली. चौऱ्याहत्तराव्या वर्षी कान गरम झाले.

“मग सांगायचं की रे तेव्हा,” तो म्हणाला. “त्या मांजराला मी केवढं बडवलं.”

घराचा विषय निघाला नाही. चहाचे पैसे मी काढले तर त्यानं माझा हात मागं ढकलला.